रायर वीथी निळी होते त्याची हकिकत

रायर वीथी,
मार्गे कुंभकोणम.
बुधवार, दुपारचं जेवण झाल्यावर.

तीर्थरूप पंकजाक्काच्या पायांशी,

धाकट्या स्वामीनाथाने घातलेला साष्टांग नमस्कार पोचावा. (घातलेला म्हणजे मनातल्या मनात. खाली वाकलो तर वर कोण उचलणार, हा प्रश्न हल्ली प्रत्येक देवळात पडतो. देवही आता समजून घेतात.) इकडे विशालाक्षी आणि मी दोघं विठ्ठलाच्या कृपेने आणि रक्तदाबाच्या गोळीच्या आधाराने बरे आहोत. तुझ्या गुडघ्यांचं काय झालं? पुण्यातली थंडी तुला सोसत नाही हे तू दर वर्षी लिहितेस आणि दर वर्षी तिथेच राहतेस. चिरंजीव सूर्याला आशीर्वाद. तुझ्या सोसायटीतल्या बायका तुझ्या मराठीला हसतात म्हणून तुला वाईट वाटलं, असं तू गेल्या खेपेस म्हणालीस. त्यांना सांग, आम्ही तंजावरकरांनी ही भाषा तीनशे वर्षं पेटीत नीट घडी करून ठेवली. तुम्ही रोज वापरून तिचा रंग घालवलात. यावर त्या हसल्या तर हसू देत, निदान तुला उत्तर दिल्याचं समाधान मिळेल.

फोनवर सांगायचं सोडून पत्र का, असं विचारशील. अक्का, फोनवर तू बोलायला लागलीस की मधे मला फक्त 'हं' म्हणण्यापुरती जागा असते. शिवाय आपल्या घराण्याच्या फोनवरच्या गटात तू गेल्या महिन्यात जो संदेश टाकलास, 'आपल्या वीथीतल्या एका विटेलाही कुणी हात लावता कामा नये, आपला ओटा म्हणजे आपली अब्रू', तो वाचून बंगळूर, चेन्नई आणि अमेरिकेतल्या एकूण तेवीस नातलगांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. त्यातला एकही या ओट्यावर दहा वर्षांत टेकलेला नाही. तू स्वतः चौथ्या मजल्यावर राहतेस, खाली बेकरी आहे, शेजारी दवाखाना आहे, आणि गॅलरीत उभी राहून औषधं दोरीने वर ओढून घेतेस. बाजारावर राहायचं तुला चालतं, आम्ही मात्र तुझ्या आठवणींसाठी शांतता राखत बसायचं. असो. तू मोठी आहेस, मी बोलत नाही.

तर हकिकत अशी. वर्तमानपत्राच्या सातव्या पानावर, साड्यांच्या सवलतीच्या खाली, एक जाहिरात आली की आपल्या गावातली ही वीथी आजपर्यंत 'निवासी' होती, ती यापुढे 'व्यापारी' करण्याचा विचार आहे, कुणाची हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावी. नगररचनेच्या नकाशात राहत्या घरांना पिवळा रंग देतात आणि दुकानांना निळा. म्हणजे तुझे-माझे आजे-पणजे इथे जन्मले, मुंजी लागल्या, मेले, पण आपण पिवळे आहोत हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आणि आता एका जाहिरातीने आपण निळे होणार. कारण काय, तर नवग्रहांची देवळं बघत फिरणाऱ्या बसगाड्या नव्या रस्त्याने आपल्या तोंडावरून जाणार, त्यातल्या भाविकांना कॉफी, लघवी आणि पूजेचं सामान याच क्रमाने लागणार, आणि ते पुरवण्याचा मान आपल्याला मिळणार.

हे समजावून सांगायला पंचायतीने भजनमठात सभा ठेवली. चेन्नईहून शशांक नावाचा एक सल्लागार आला. वय तिशीच्या आत, दाढी कोरलेली, पायांत मोजे (आपल्या हवेत मोजे घालणाऱ्या माणसाचं मी काही ऐकत नाही). त्याने आधी आठ दिवस गावावरून ते भुणभुणणारं ड्रोन फिरवलं होतं. त्याची छायाचित्रं मठाच्या भिंतीवर, विठोबाच्या तसबिरीशेजारी चादर लावून त्याने दाखवली. पहिल्याच चित्राचं नाव होतं 'सध्याचा वापर', आणि त्यात आपला तुकोजी मागच्या विहिरीवर लंगोटीत आंघोळ करत होता. आकाशातून तो तांदळाएवढा दिसत होता, पण ओळखू येत होता. तुकोजीचा पूर्वज राजाच्या गजशाळेचा अधिकारी होता हे तुला माहीतच आहे, आणि माहीत नसतं तर त्याने एव्हाना पुण्याला येऊन सांगितलं असतं. तो उठून ओरडला की हत्तींच्या मालकाला हे असं दाखवतात का. शशांकने नम्रपणे पुढचं चित्र लावलं, त्यातही तुकोजी होता, फक्त आता तो डोकं पुसत होता.

मग आश्वासनं सुरू झाली. पिण्याच्या पाण्याची नवी वाहिनी. भुयारी गटार. नवा ट्रान्सफॉर्मर आणि दारोदार थ्री फेज वीज. पाण्याच्या वाहिनीबद्दल ऐकून पहिल्या रांगेत बसलेला आपल्या वीथीतला रंगा मोठ्याने हसला, ते साहजिक होतं. चार वर्षांपूर्वी अशीच एक वाहिनी येणार म्हणून प्रत्येक घरासमोर सिमेंटचा खांब आणि त्यात एक नळ बसवून गेले. उद्घाटनाला नारळ फुटला, फोटो निघाला, पाणी काही निघालं नाही. रंगाने आपल्या नळाला वासरू बांधलं. ते वासरू आता गाय झालं, तिला दोन वेत झाले, आणि त्या नळातून आजवर जे काही निघालं ती एक पाल होती. भुयारी गटाराचं तर नावच इथे 'पाताळ साक्कडै' आहे. पाताळापर्यंत खणायची यांची तयारी आहे, पण रस्त्यावरचा खड्डा बुजवायला माणूस मिळत नाही.

त्यानंतर खरी गोम आली. वीथी निळी झाली की ज्या मालकाला वीज, पाणी, गटार हवं असेल त्याने संमतिपत्र द्यायचं आणि घरासमोरची चार फूट जागा रस्त्याला सोडायची, कारण वाहिन्या तिथून जाणार. चार फूट म्हणजे काय, अक्का? चार फूट म्हणजे आपला ओटा. नेमका तेवढाच. जणू बांधणाऱ्याने तेव्हाच यांच्या सोयीचं माप घेतलं होतं.

तू म्हणशील स्वामी आता रडणार. हो, थोडा रडतो. निवृत्त झाल्यापासून मी दुसरं केलंय काय? सकाळी सहा वाजता खांबाला पाठ लावून पेपर, साडेसातला कॉफी, आठला स्वामीमलैकडे जाणारी बस किती उशिरा आली याची मनात नोंद, नऊला येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी. अप्पांनी शेवटचे सहा महिने त्याच ओट्यावर पडून काढले. तुझ्या लग्नाची बोलणी तिथेच झाली आणि तू आत खिडकीला कान लावून उभी होतीस. दगडाला तिथे माझ्या बैठकीचा गुळगुळीतपणा आलाय. घरात मी कोण आहे याबद्दल दुमत असेल (विशालाक्षीचं आहे), पण ओट्यावर मी रायर, म्हणजे राव, आहे, आणि गावातला तमिळ माणूस अजून हाताची घडी घालून 'काय रायर, बरं आहे ना?' असं थांबून विचारतो. हे गेलं की मी एक म्हातारा, ज्याला आतल्या खोलीत पंख्याखाली बसवून ठेवतात. मला भीती वाटते, अक्का. ही गोष्ट मी इथे कुणाला सांगितलेली नाही.

सभेत सगळ्यांनी एकमुखाने नकार दिला. तो ऐकून माझी छाती फुगली. सभा संपल्यावर पाहतो तर शशांकभोवती घोळका. रंगा विचारत होता, ओट्याच्या जागी पैसे काढायचं यंत्र बसवायला बँका येतात का. तुकोजीने त्याला कोपऱ्यात नेऊन विचारलं की 'राजाच्या गजशाळाधिपतींच्या घरी एक रात्र' अशी परदेशी पाहुण्यांची सोय केली तर नकाशात निळ्याऐवजी काही अधिक भारदस्त रंग मिळेल का. अक्का, त्या घरात न्हाणीघर नाही. परदेशी पाहुण्याने त्याच विहिरीवर, त्याच लंगोटीत आंघोळ करायची, आणि वर ड्रोन. दोघांनी मला पाहिलं आणि दोघंही म्हणाले की शत्रूची चाल समजून घेत होतो.

तेव्हा मीच पुढे झालो. आपला पूर्वज राजाची पत्रं लिहायचा, आणि मी एकतीस वर्षं तालुक्याच्या कार्यालयात अर्ज तपासले. अर्ज लिहावा तर आपण, हे वीथीत सगळ्यांना मान्य आहे. मी हरकतीचा असा मसुदा लिहिला की वाचताना मलाच कागद खाली ठेववेना. सात मुद्दे, तीन उपमुद्दे, एक संतप्त प्रश्न. वीथीतल्या नऊही घरांनी 'उत्तम' म्हटलं. आता फक्त सह्या राहिल्या होत्या.

पहिली सही कुणाची? इथे गाडं अडलं, आणि तुला हसू येत असेल तर हसू नकोस, तुझ्या माहेरची हीच माणसं आहेत. मठात एकादशीचं भजन संपलं की पहिलं गंध आणि पहिली तुळस कुणाला, यावरून अप्पांच्या वेळी दोन वर्षं भजन बंद होतं हे तुला आठवत असेल. शेवटी पाळ्या लावल्या आणि तो कागद अजून मठाच्या दाराआड टांगलेला आहे. पण तो कागद एकादशीपुरता. अर्ज काही एकादशीला नव्हता. तुकोजी म्हणाला, हत्ती पुढे चालतो. रंगाचा पूर्वज दरबारात अत्तरदाणी आणि विड्याचं तबक धरायचा. रंगा म्हणाला, हत्ती दाराबाहेर थांबतो, तबक आत राजाच्या हातापर्यंत जातं. मी सुचवलं की घरांच्या क्रमांकाने जाऊ. तर वीथी कुठून सुरू होते यावर वाद. पोस्टमन पूर्वेकडून येतो म्हणून एक नंबर रंगाचा, पण देवाची मिरवणूक पश्चिमेकडून निघते म्हणून एक नंबर तुकोजीचा. वयाने जाऊ म्हटलं, तर तुकोजीचं एक वय शाळेच्या दाखल्यावर आहे आणि दुसरं त्याच्या आईने सांगितलेलं, आणि तो प्रसंग पाहून हवं ते काढतो. तीन संध्याकाळी यात गेल्या. कॉफी मात्र तिन्ही दिवस आपल्याच घरची.

चौथ्या दिवशी मला युक्ती सुचली, आणि ती सुचल्याबद्दल मी स्वतःच्या पाठीवर हात फिरवून घेतला. मी स्वयंपाकघरातून पितळेचं ताट आणलं, कागदावर पालथं घातलं, पेन्सिलने गोल काढला, आणि सगळ्यांना सांगितलं की या गोलावर चहूबाजूंनी सह्या करा. गोलाला पहिला नाही, शेवटचा नाही. सगळे खूश. नऊ सह्या सगळीकडून बाहेर तोंड करून बसल्या, काही उभ्या, काही आडव्या, रंगाची पूर्ण उलटी. विशालाक्षी ताट परत न्यायला आली, कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, "हें वाचायचें कुठून?" मी तिला सांगितलं की यातलं तुला कळायचं नाही, कॉफी आण. (तिची सही घेण्याचा प्रश्नच नव्हता. सह्या घरच्या कर्त्यांच्या.)

सुनावणी शुक्रवारी, साडेदहा ते बारा. म्हणजे पुरा राहुकाळ. ही वेळ ठरवणारा एकतर नास्तिक असला पाहिजे किंवा फार हुशार, कारण या तालुक्यात त्या दीड तासात हरकत घ्यायला कोण घराबाहेर पडतो? आम्ही तोडगा म्हणून साडेनऊलाच निघालो आणि राहुकाळ लागण्याआधी कार्यालयाच्या आवारात पाऊल टाकून ठेवलं. मग पाळी येईपर्यंत तासभर चिंचेखाली उभे.

आत खुर्चीवर कोण, तर अरुणकुमार. तुला मी त्याच्याबद्दल सांगितलं असेल, माझ्या हाताखाली सहा वर्षं होता, मीच तयार केलेला पोरगा. मला बघून तो उठला, 'सार, सार' करत खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. मी नऊ घरांकडे असं पाहिलं की बघा, माझं वजन. मग त्याने अर्ज घेतला. एकदा वाचला. कागद थोडा फिरवला. आणखी थोडा फिरवला. असा फिरवत फिरवत एक पूर्ण प्रदक्षिणा घालून तो पुन्हा होता तिथे आला आणि म्हणाला, "सार, पहिला अर्जदार कोण?"

मी म्हटलं, सगळेच. तो म्हणाला, तुम्हीच शिकवलंत, सार. आणि मी शिकवलं होतं, अक्का. पहिला अर्जदार नसलेला अर्ज हा अर्ज नव्हे, तो जमाव. उत्तर कुणाच्या नावाने पाठवायचं, नोटीस कुणाला बजावायची? परत करा. हे वाक्य त्या कार्यालयात माझ्या नावाने चालतं हे मला त्या दिवशी कळलं. एकतीस वर्षांत असे किती अर्ज मी परत केले त्याची गणती नाही. तिरुप्पनंदाळहून एक म्हातारी याच एका चुकीसाठी दोनदा बसने येऊन गेली होती. तिचं तोंड मला इतक्या वर्षांनी त्या खुर्चीत बसून आठवलं, आणि फार बरं वाटलं नाही.

अरुणकुमार चांगला पोरगा. म्हणाला, बारा वाजेपर्यंत वेळ आहे, कुणाच्याही नावापुढे एक आकडा घाला, मी दाखल करून घेतो. वीस मिनिटं होती. वीस मिनिटांत एक आकडा घालायचा होता. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो आणि हत्ती, तबक, पूर्व, पश्चिम हे सगळं पहिल्यापासून सुरू झालं, आता तमिळमध्ये, कारण घराबाहेर आपण मराठी बोलत नाही, त्यामुळे शिपायापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांना समजत होतं. शेवटी मसुदा माझा म्हणून मी माझ्या नावापुढे आकडा घालायला गेलो, तर आजन्म एकमेकांशी न पटलेल्या तुकोजी आणि रंगाने दोन बाजूंनी माझा हात धरला. त्यांचं जमलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आत बाराचे ठोके पडले. अरुणकुमारने नोंदवहीत लिहिलं: हरकती, शून्य.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण त्याने पुढची ओळ वाचली: पाठिंब्याचे अर्ज, एक. आपल्याच वीथीतून. त्याने तो कौतुकाने माझ्यापुढे धरला, 'बघा सार, याला म्हणतात अर्ज.' नाव, घर क्रमांक, विषय, संदर्भ, मुद्दे, दिनांक, सही, सगळं जागच्या जागी. समास सोडलेला. हा अर्ज कुणी दिला ते मी या पत्रात लिहीत नाही. आपल्यातलाच एक फितूर, एवढं समज. नऊ शहाणे हत्ती मोजत असताना एक माणूस गुपचूप बसने गेला, अर्ज देऊन, पोच घेऊन, भाजी घेऊन परत आला. वीथी निळी झाली.

तरी घाबरू नकोस. वीथी निळी झाली म्हणून आपलं घर निळं होत नाही. अप्पांनी घर तुझ्या-माझ्या दोघांच्या नावे ठेवलंय. दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र गेल्याशिवाय आपल्या ओट्याचा एक चिराही कुणी हलवू शकत नाही, आणि माझी सही कुणी माझ्या जिवंतपणी मिळवून दाखवावी. रंगाने त्याचं संमतिपत्र सोमवारीच दिलं. तुकोजीने मंगळवारी दिलं, आणि आपल्या आधी रंगाने दिलं म्हणून तो आता रंगाशी बोलत नाही. देवोत. यंत्रं बसवोत, पाहुणे आणोत, पाताळ खणोत. मी माझ्या खांबाला पाठ लावून बघत बसेन आणि हसेन.

पत्र फार लांबलं. तुझे डोळे आधीच दुखतात, त्यात माझं अक्षर. तब्येतीला जप, जिने चढू नकोस, आणि या लहान भावावर लोभ आहे तसाच असू दे.

तुझा,
स्वामीनाथ

ता. क. सोबतच्या पार्सलमध्ये विशालाक्षीने केलेलं मेतकूट आणि सांबाराची पूड आहे. मेतकुटाच्या पिशवीला लागून एक लिफाफा आहे, तो आधी वेगळा काढ, नाहीतर त्याला हिंगाचा वास लागेल.

आणखी ता. क. लिफाफ्यात काय आहे ते सांगायलाच हवं. त्यात आपल्या घराचं संमतिपत्र आहे. दोन ठिकाणी सही कर, तिसऱ्या ठिकाणी आधार कार्डावर आहे तसं नाव लिही. माझी सही झालेली आहे. वर चार पानं जे काही लिहिलं ते सगळं खरं आहे आणि तरीही सही झालेली आहे.

तो अर्ज विशालाक्षीचा होता. पहिल्या ओळीलाच अक्षर ओळखलं, एक्केचाळीस वर्षं वाणसामानाच्या याद्यांत बघतोय. अर्ज लिहायला कुठे शिकली म्हणशील, तर माझ्याकडेच. रोज संध्याकाळी घरी येऊन कुणाच्या अर्जात काय चुकलं ते मी तिला हसून सांगायचो, ती कॉफी देता देता ऐकायची. तिने लिहिलं होतं की अकरा वर्षं ती मागच्या पडवीत इडली-डोशाचं पीठ दळून गावातल्या घरांना आणि दोन खाणावळींना देते (मी याला 'तिचा वेळ जातो' म्हणत आलो). ग्राइंडर लावला की घरातले दिवे मंद होतात आणि पंखा थांबतो, तेव्हा घरचे कर्ते पुरुष ओट्यावरून ओरडतात. मोठ्या ग्राइंडरला थ्री फेज लागते. थ्री फेजला पुढची खोली दुकान म्हणून दाखवावी लागते. म्हणून तिची वीथी निळी होण्याला हरकत नाही. पाचवा मुद्दा जसाच्या तसा लिहितो, तमिळमधून आपल्यात करून: 'ओटा जाईल अशी माझ्या यजमानांची हरकत आहे, कारण ती बसायची जुनी जागा आहे. मी ती एक्केचाळीस वर्षं रोज सकाळी धुतली आणि तिच्यापुढे रांगोळी घातली. मी तिच्यावर बसलेली नाही. त्यामुळे ती जागा बसायला चांगली आहे की नाही याबद्दल मला काही सांगता येत नाही.'

अक्का, मी हे त्या खुर्चीत बसून, अरुणकुमारच्या समोर, माझ्याकडे वळवलेल्या पंख्याखाली वाचलं. तिसऱ्या दिवशी भात वाढताना तिने विचारलं, सुनावणीचं काय झालं. मी म्हटलं, एकच अर्ज नीट होता. ती "सेरी, बरं" म्हणाली आणि ताक वाढलं.

शेवटचं ता. क. हे आज सकाळचं, पत्र चिकटवायच्या आधी लिहितोय. मी तिला म्हटलं, ओटा जाणारच आहे, तर एकदा बसून तरी बघ. तिने आधी मला ताप आहे का ते पाहिलं. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं, पदर सारखा केला, आणि माझ्याच खांबाशी टेकून बसली. मी पेपर घेऊन खाली रस्त्यावर उभा राहिलो, शेजारी जागा होती पण बसावंसं वाटलं नाही. आठची बस गेली. त्यातल्या दोन बायकांनी तिला हात केला, तिने परत केला. मग दगडावरून हात फिरवत म्हणाली, "गार आहे हो. वाराही येतो. हें तुम्ही मला कधीं सांगितलें नाहीं."

सही कर, अक्का. नक्की कर. पण टपालात टाकायची घाई करू नकोस, दोन-तीन आठवडे उशिरा आलं तरी चालेल.